वेलांट्या वेचताना

२००१ ते २०११ अशी दहा वर्षं मी रोजनिशी कॉम्प्युटरवर लिहिली. त्याआधी वह्या होत्या, नंतर पुन्हा वह्याच. मधल्या दहा वर्षांच्या फायली गेल्या पावसाळ्यात उघडल्या, तर पानभर इंग्रजी अक्षरं, तिरप्या रेघा आणि कंस. भाचा शेजारीच बसला होता. म्हणाला, "मामा, हे तू कुठल्या भाषेत लिहिलंयस?"

भाषा मराठीच, फाँट शिवाजी. तेव्हा नौपाड्यातला डीटीपीवाला जो फाँट देईल तो आपला. या फाँटांत कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही मराठी लिहीतच नसता. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार भाडेकरू म्हणून राहतात. फाँट नसला की भाडेकरू गायब, मूळ मालक हजर. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरीला १२८ घरांची स्वतःची चाळ आहे. विंडोज एक्सपीत ती सोय होती, फक्त वेगळी चालू करावी लागायची. मला कोणी सांगितलंच नाही. (सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.)

जुन्या सीडीवर फाँट सापडला आणि मजकूर दिसू लागला. पण त्यात एक शब्द शोधता येईना, मोबाइलवर पाठवला की पुन्हा कंस. फुकटचे कन्व्हर्टर ढिगाने आहेत, पण घरातल्या भानगडी परक्या संकेतस्थळावर चिकटवायला मन धजेना. शेवटी भाच्याने माझ्याकडून तक्ता करून घेतला, कुठल्या चिन्हाच्या जागी कुठलं अक्षर. त्यात दोन रविवार गेले.

खरा घोळ पुढे होता. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशीच अक्षराच्या आधी टाइप होते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रफाराचं उलटं, तिथे आधी 'र' आणि मग ज्याच्या डोक्यावर तो बसणार ते अक्षर. भाच्याचा प्रोग्राम वेलांटी एक घर पुढे सरकवायचा. 'किती' बरोबर यायचं, पण 'स्थिती'ची वेलांटी अर्ध्या 'स'ला जाऊन चिकटायची. 'दुर्मिळ'मध्ये तर वेलांटी आणि रफार दोघांचीही मारामारी. प्रोग्राम तीनदा सुधारला, तरी जोडाक्षरांत चुका उरल्याच. त्या हातानेच वेचायच्या होत्या. रोज रात्री जेवणानंतर तासभर, चार महिने.

म्हणजे अख्खी दहा वर्षं ओळ न ओळ वाचणं आलं. पहिली दोन वर्षं असह्य. प्रत्येक विषयावर मत, तेही ठाम. मग नोकरी वाशीला गेली आणि लिखाण आटलं, ते बरंच झालं. नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली तेव्हा लिहिलंय, "बस सुटली एकदाची. खिडकी मिळाली." २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मी वाशीहून घरी पोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी. त्यावर मोठं काही लिहिलं असेल म्हणून मी पुढची पानं चाळली. एवढंच होतं, "भिजलो. बूट गेले. आईने आल्याचा चहा दिला."

सगळं झाल्यावर शोध चालतो का हे बघायला एक साधा शब्द टाकला, 'दूध'. दरवाढीच्या नोंदी आल्या. त्यांच्यामध्ये सात नोंदी अशा: "आज पुन्हा दूध उतू गेलं." "आईने दूध दोनदा तापवलं." "दूध उतू. बोललो आईला." सातांतली पहिली नोंद मार्च २००७ ची.

२०१० मध्ये डॉक्टरांनी विचारलं होतं, विसरणं कधीपासून जाणवतंय? मी म्हणालो होतो, असेल सहा महिने.

सातही नोंदी ताईला पाठवल्या. आता त्या मोबाइलवर नीट दिसतात. तिचं उत्तर रात्री उशिरा आलं, "तू ओरडायचास ते आठवतं. ती गॅसचा ओटा पुसत राहायची."