परत आलेल्या सैनिकासाठी म्हैसमाळची धाव

कारगिलच्या युद्धात भारताचे 527 सैनिक धारातीर्थी पडले आणि त्यांची नावे लडाखमधील द्रासच्या युद्धस्मारकावर कोरलेली आहेत. माझा मित्र त्या युद्धातून जिवंत परत आला, त्यामुळे त्याचे नाव तिथे नाही, आणि ते असावे असे त्याला कधी वाटलेही नाही. गेल्या हिवाळ्यात कर्करोगाने तो गेला, तेव्हा युद्धाला पाव शतक उलटून गेले होते. अंत्यविधीला तालुक्यातील माजी सैनिक छातीवर पदके लावून आले, गाव सगळे लोटले, आणि तेराव्यानंतर जो तो आपापल्या कामाला लागला. रणात पडलेल्याला आपण शहीद म्हणून जन्मभर स्मरतो, ते योग्यच आहे. परंतु जो परत येतो आणि युद्ध अंगावर वागवत उरलेले आयुष्य गावात काढतो, त्याचे स्मरण कोणी करायचे, हा प्रश्न मला त्या दिवसांत सतत पडत होता. त्यातूनच, 26 जुलैच्या, म्हणजे कारगिल विजय दिनाच्या, अलीकडच्या रविवारी खुलताबाद ते म्हैसमाळ अशी डोंगरधाव घ्यायची आणि त्यातून जमणारा निधी माजी सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाला द्यायचा, असे आम्ही काही मित्रांनी ठरवले.

तो तोफखान्यातला. नाशिकरोडच्या केंद्रात प्रशिक्षण घेऊन तो तोफेवर गेला आणि 1999 च्या उन्हाळ्यात त्याची तुकडी द्रास भागात, श्रीनगर–लेह महामार्गाच्या परिसरात होती. पायदळाने रात्रीच्या अंधारात कडे चढायचे आणि खालून बोफोर्स तोफांनी शत्रूचे मोर्चे भाजून काढायचे, अशी त्या लढाईची रीत होती. बोफोर्सचा 155 मिलिमीटरचा एक गोळा चाळीस किलोंहून अधिक वजनाचा असतो. द्रास समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तिथे नुसते चालतानाही धाप लागते, आणि तिथे ही माणसे रात्रभर गोळे उचलत होती. विरळ हवेत गोळा अधिक दूर जातो, त्यामुळे मैदानातले आडाखे तिथे चालत नाहीत आणि प्रत्येक माऱ्याचे गणित नव्याने मांडावे लागते, हे तो फार बारकाईने समजावून सांगत असे. स्वतःच्या शौर्याविषयी तो क्वचितच बोलला. या गणिताविषयी मात्र तासन् तास बोलायचा.

त्या माऱ्यात त्याचा डावा कान गेला. त्याच्यासोबत धावणाऱ्याने नेहमी उजव्या बाजूला राहायचे, हे आम्हा सगळ्यांना इतके अंगवळणी पडले होते की आजही रस्त्यावर धावताना माझी पावले आपोआप उजवीकडे सरकतात. 2022 मध्ये द्रासच्या पॉइंट 5140 या शिखराला तोफखान्याच्या सन्मानार्थ ‘गन हिल’ असे नाव देण्यात आले, त्या संध्याकाळी त्याने मला फोन केला. एरवी मोजके बोलणारा हा माणूस त्या दिवशी थांबेचना. आपल्याला नव्हे, आपल्या तोफेला मान मिळाला, असा त्याचा आनंद होता.

निवृत्त होऊन आल्यावर त्याने शेती पाहिली, आणि पहाटे गावातील मुलांना भरतीसाठी धावायला शिकवले. भरतीत 1,600 मीटर अंतर साडेपाच मिनिटांच्या आत कापले तर पूर्ण गुण मिळतात. आमच्याकडची पोरे पहिल्या चारशे मीटरांतच सगळा दम घालवून बसत. तो त्यांना गावापासून फाट्यापर्यंतच्या रस्त्यावर संथ धावायला लावायचा आणि जो सगळ्यांत मागे असेल त्याच्याबरोबर स्वतः राहायचा. “पुढच्याला कोण बी बघतंय, मागच्याला बघा,” हे त्याचे नेहमीचे सांगणे होते. दिवसा त्याचे दुसरे काम चालायचे, आणि माझ्या मते तेच अधिक मोलाचे होते. एखाद्या माजी सैनिकाच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करून देणे, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड काढून देणे, बँकेत आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सोबत जाणे, हे सगळे तो स्वतःच्या खर्चाने करत असे.

म्हणूनच या धावेची रचना ठरवताना आम्ही पहिल्या क्रमांकाला बक्षीस ठेवले नाही. पाच-पाच जणांचे गट केले आणि गटातील शेवटचा माणूस म्हैसमाळच्या गिरिजामातेच्या मंदिराजवळ पोचेल ती त्या गटाची वेळ धरली. एक तोफ एकट्याने चालत नाही, तिच्यावरची सगळी तुकडी एका तालात राबली तरच गोळा सुटतो. हे मनात होते. टी-शर्ट छापले नाहीत आणि पदकेही केली नाहीत, कारण त्यांचा खर्च वजा केला तर निधीत फारसे उरत नाही, हे अशा कार्यक्रमांत अनेकदा पाहिले आहे.

म्हैसमाळ सुमारे 1,067 मीटर उंचीवर आहे आणि खुलताबादहून तिथवरचा रस्ता साधारण बारा किलोमीटरांचा. सुरुवातीची वाट शेतांमधून जाते. मका आणि कपाशी गुडघ्याला आली होती, काही ठिकाणी कोळपणी सुरू होती. पुढे घाट लागला की पावसाळ्यात धुके उतरते आणि शेवाळलेल्या कडेवर पाय घसरतो. चढावर पावले आखूड टाकायची, श्वास तुटू लागला की सरळ चालायचे, आणि उतारावर मांड्या सांभाळायच्या, कारण चढापेक्षा उताराने स्नायू अधिक दुखावतात, हे नवख्यांना आदल्या दिवशीच सांगितले होते. वाटेत बचत गटाच्या महिलांनी लिंबू-मीठ-साखरेचे पाणी आणि गूळ-शेंगदाणे दिले. शेवटच्या चढावर बहुतेक गट चालतच होते. मात्र पुढे निघून गेलेले आपापल्या मागच्या माणसासाठी थांबत होते, कोणी कोणाची पिशवी घेत होते, आणि भरतीची तयारी करणारी दोन पोरे साठी उलटलेल्या एका माजी नाईकांना हात देत वर आणत होती. ही धाव घेण्यामागचे सगळे प्रयोजन मला तिथे दिसले.

नियोजनाच्या बैठकीत शेवटच्या चढाला कारगिलच्या एखाद्या शिखराचे नाव द्यावे, अशी सूचना आली होती. मी तिला ठामपणे विरोध केला. टायगर हिल पाच हजार मीटरांहून उंच आहे. तिथे हवेतील प्राणवायू जवळजवळ निम्म्यावर येतो आणि चढणाऱ्यावर वरून गोळ्या झाडल्या जात होत्या. आमच्या डोंगराला त्याचे स्वतःचे नाव आहे आणि ते पुरेसे आहे.

निधीचे सांगायचे तर तो आम्ही, मित्राच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या सांगण्यावरून, ज्यांना निवृत्तिवेतन नाही अशा घरांसाठी राखला. जवानाला निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे पंधरा वर्षांची सेवा लागते. घरच्या अडचणीमुळे त्याआधीच सेवा सोडून आलेले काही जण आपल्या तालुक्यात आहेत, आणि त्यांच्या पश्चात घरात महिन्याला काहीच येत नाही. यंदाचे पैसे अशा घरांतील मुलामुलींच्या महाविद्यालयीन व वसतिगृहाच्या शुल्कासाठी थेट संस्थेत भरले आणि पावत्या वहिनींकडे ठेवल्या. ज्यांना धावेव्यतिरिक्त मदत करायची आहे, त्यांनी 7 डिसेंबरच्या ध्वजदिन निधीला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जरूर द्यावे.

आणखी एक काम पैशांवाचूनही करता येते, आणि माझा मित्र तेच करत होता. आपल्या गावात माजी सैनिक असतील, तर त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या आदेशावर पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाप्रमाणेच नोंदलेली आहे का, हे ते हयात असतानाच तपासून घ्या; नावातल्या एका अक्षराच्या फरकामुळे पुढे त्या माउलीला महिनोन् महिने हेलपाटे घालावे लागतात. वार्षिक हयातीचा दाखला वेळेत दिला गेला की नाही, हेही एकदा विचारा. धावायला आलेल्या प्रत्येक गटाकडे आम्ही दोन-दोन गावे सोपवली आहेत, आणि दिवाळीपूर्वी तिथल्या घरांची कागदपत्रे पाहून होतील अशी आमची तयारी आहे.