रेडिओची खूण परत काढणं: क्लिकच्या आतला क्रम अखेर हाती लागला

परत क्लिक केल्यावर खूण निघणारा रेडिओ (वेब फॉर्ममध्ये गटातून एकच पर्याय निवडायचं गोल बटण) आता माऊस, लेबल, कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर या चारही वाटांनी सारखा वागतोय. मागच्या नोंदीतला ‘आठवण ठेवणारा’ (शेवटची निवड साठवणारा) कोड मात्र सगळा काढून टाकला आहे. तो का टाकला आणि त्याच्या जागी काय आलं, हे सविस्तर मांडायला हवं, कारण चेकबॉक्स-रेडिओच्या वागणुकीत काहीही बदल करायला गेलं की याच क्रमाशी गाठ पडते.

क्रम असा. क्लिकचा हँडलर (क्लिक झाल्यावर चालणारं आपलं फंक्शन) सुरू होण्याआधीच ब्राउझरने चेक्ड (खूण आहे की नाही हे सांगणारी प्रॉपर्टी) बदललेलं असतं. चेकबॉक्स असेल तर ते उलटवलेलं आणि इनडिटरमिनेट (ना भरलेली, ना रिकामी अशी मधली स्थिती) पुसलेलं. रेडिओ असेल तर सरळ ट्रू केलेलं. त्यानंतर क्लिक इव्हेंट विंडोपासून खाली उतरतो, परत वर जातो, आणि कुणी अडवला नाही तर शेवटी इनपुट आणि चेंज हे इव्हेंट येतात. त्यामुळे रेडिओच्या क्लिक हँडलरमध्ये चेक्ड विचारलं की उत्तर ट्रूच. कॅप्चर फेजमध्ये (इव्हेंट खाली उतरतानाच्या टप्प्यात), अगदी विंडोवर बसून ऐकलं तरी जुनी किंमत हाती लागत नाही.

मग पहिला मोह होतो तो प्रिव्हेंट-डिफॉल्ट करून (म्हणजे क्लिक अडवून) हाताने फॉल्स भरण्याचा. तो फसतो, कारण क्लिक अडवला की ब्राउझर जुनी स्थिती परत बसवतो, आणि हे काम हँडलर संपल्यावर होतं. हँडलरच्या शेवटच्या ओळीपर्यंत कन्सोल फॉल्स दाखवतो, डीबगरमध्येही सगळं ठीक दिसतं, आणि बाहेर पडताच रेडिओ पुन्हा भरलेला. हीच वागणूक फक्त-वाचनाच्या चेकबॉक्सला मात्र उपयोगी पडते. रीडओन्ली ॲट्रिब्यूट चेकबॉक्स-रेडिओला लागूच होत नाही आणि डिसेबल्ड केलं तर मूल्य सर्व्हरकडे जात नाही. तिथे क्लिक अडवायचा आणि एरिया-रीडओन्ली (स्क्रीन रीडरला ‘फक्त वाचन’ कळवणारं ॲट्रिब्यूट) लावायचं. खूण जागची हलत नाही आणि मूल्यही जातं.

जुनी स्थिती पॉइंटरडाउनवर (माऊसचं बटण किंवा बोट टेकल्याच्या इव्हेंटवर) टिपून ठेवण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. तो अर्धवट आहे. लेबलवर बोट ठेवलं तर पॉइंटरडाउन लेबलवर होतो, रेडिओवर येतो तो फक्त ब्राउझरने घडवलेला क्लिक. कीबोर्डवरून किंवा स्क्रीन रीडरकडून आलेल्या क्लिकआधी पॉइंटरडाउन असेलच असं नाही.

म्हणून मागच्या खेपेला प्रत्येक गटासाठी ‘शेवटचा निवडलेला’ रेडिओ व्हेरिएबलमध्ये धरला होता: क्लिक झालेला रेडिओ तोच असेल तर खूण काढायची. ही आठवण तीन ठिकाणी शिळी होते. स्क्रिप्टने चेक्ड बदललं तर चेंज येत नाही. फायरफॉक्स रीलोडनंतर भरलेला फॉर्म जसाच्या तसा ठेवतो, त्याचीही वर्दी मिळत नाही. ॲट्रिब्यूटमधले बदल कळवणारा म्युटेशन ऑब्झर्व्हर इथे निरुपयोगी, कारण चेक्ड ॲट्रिब्यूट ही फक्त सुरुवातीची किंमत. चालू स्थिती प्रॉपर्टीत असते आणि तिच्यावर नजर ठेवता येत नाही. तिसरी जागा रीसेट, आणि खरा घोळ तिथे आहे.

रीसेट इव्हेंट आधी येतो, फॉर्म प्रत्यक्ष मूळ स्थितीत नंतर जातो. आठवण ताजी करायची तर थोडं थांबावं लागतं. ते काम मायक्रोटास्कवर (चालू कोड संपताच धावणाऱ्या छोट्या कामावर) सोडलं तर वापरकर्त्याने रीसेट बटण दाबल्यावर जुनीच स्थिती वाचली जाते, आणि स्क्रिप्टमधून फॉर्मची रीसेट मेथड बोलावली तर बरोबर नवी मिळते. कोड तोच, निकाल दोन. कारण मायक्रोटास्कची रांग कॉल स्टॅक (चालू असलेल्या फंक्शनांची चळत) रिकामा झाला की लगेच धावते. खऱ्या क्लिकमध्ये स्टॅक प्रत्येक लिसनरनंतर रिकामा होतो, म्हणजे रीसेटच्या आधीच. स्क्रिप्टमधून बोलावलं की बोलावणारी स्क्रिप्ट स्टॅकवर असते, म्हणून रांग शेवटपर्यंत थांबते. शून्य मिलिसेकंदांचा सेट-टाइमआउट दोन्हीकडे नंतरच चालतो.

हा फरक नीट समजला तेव्हाच आठवणीची गरज नाही हेही दिसलं. आधीच भरलेल्या रेडिओवर क्लिक केलं तर ब्राउझर चेंज पाठवत नाहीत. म्हणजे ‘क्लिक आला, पण मागोमाग चेंज आला नाही’ हीच, खूण आधीपासून होती याची साक्ष! जुनी स्थिती साठवायलाच नको. स्क्रिप्टने भरलेली असो, रीलोडने परत आलेली असो की रीसेटने बदललेली, उत्तर ब्राउझरच देतो.

मांडणी छोटी आहे. फील्डसेटवर (गटाला वेढणाऱ्या एलिमेंटवर) क्लिक आणि चेंज असे दोन लिसनर. क्लिकमध्ये टार्गेट रेडिओ इनपुट आहे का ते आधी बघायचं, कारण लेबलवरच्या एका क्लिकमागे दोन क्लिक इव्हेंट वर येतात, पहिला लेबलचा, दुसरा इनपुटचा. टार्गेट रेडिओ असेल तर तो ‘संशयित’ म्हणून धरायचा आणि शून्याचा टायमर लावायचा. चेंज आला की संशयित रिकामा. टायमर चालेपर्यंत संशयित तोच राहिला, रेडिओ चेक्ड आहे आणि क्लिक कुणी अडवलेला नाही, या तिन्ही अटी जुळल्या तरच चेक्ड फॉल्स करायचं आणि वर बबल होणारे इनपुट व चेंज स्वतः पाठवायचे. ते पाठवले नाहीत तर याच गटावर अवलंबून असलेली बाकीची फील्डं आहेत तशीच उघडी राहतात. खूण आधीपासून दिसतच होती, त्यामुळे पडद्यावर लुकलुक होत नाही.

इथेही मायक्रोटास्क वापरायचा नाही. खऱ्या माऊसने तो चेंजच्या आधी धावतो आणि पहिल्याच क्लिकला लागलेली खूण काढून टाकतो, पण एलिमेंटची क्लिक मेथड बोलावणाऱ्या युनिट टेस्टमध्ये सगळं हिरवं दिसतं. या कामाच्या चाचण्या ब्राउझरला खरा इनपुट देणाऱ्या साधनानेच घ्याव्यात. प्लेराइट त्यासाठी पुरेसं आहे.

डबल-क्लिकची सवय असणाऱ्यांचा विचार करावाच लागतो: पहिल्या क्लिकने खूण लागते, दुसऱ्याने निघते, आणि त्यांना वाटतं फॉर्म बिघडला. म्हणून चेंजची वेळ टिपून ठेवली आहे. त्याच रेडिओवर ५०० मिलिसेकंदांच्या आत आलेला क्लिक खूण काढत नाही. भरलेल्या रेडिओवर डबल-क्लिक केलं तर खूण निघून परत लागते. मूल्य बदलत नाही, तेव्हा ते तसंच ठेवलं.

कीबोर्डसाठी स्वतंत्र काम करावं लागलं. क्रोमियममध्ये (क्रोम, एज यांचा पाया) आधीच भरलेल्या रेडिओवर स्पेस दाबला तर क्लिक घडवलाच जात नाही, त्यामुळे वरची युक्ती तिथपर्यंत पोचत नाही. उपाय: स्पेसच्या कीडाउनवर रेडिओ भरलेला होता का ते नोंदवायचं, आणि त्याच रेडिओवर कीअप आल्यावर तो तेव्हा भरलेला असेल तर कीअप अडवून खूण काढायची. कीडाउनची नोंद गाळली तर दुसरीकडे दाबलेला स्पेस इथे सुटून नको तिथली निवड जाते. बाणांच्या कळांना हात लावायची गरज नाही. त्या नवा रेडिओ निवडतात, चेंज येतो आणि संशयित सुटतो.

एक अनपेक्षित दोष दिसण्यात आला. खूण काढताच गटातल्या सगळ्या रेडिओंवर मधली आडवी रेघ उमटली, तीच जी सिलेक्ट-ऑलच्या चेकबॉक्ससाठी काढली होती. इनडिटरमिनेट हा सूडो-क्लास (स्थितीनुसार रूप द्यायचा सीएसएस सिलेक्टर) ज्या रेडिओ गटात काहीच निवडलेलं नाही त्यालाही लागू होतो. सिलेक्टरमध्ये टाइप चेकबॉक्स स्पष्ट लिहिलं की रेघ जाते. उलट याचा फायदाही घेता येतो: अजून उत्तर न दिलेल्या प्रश्नाला वेगळी कडा द्यायची असेल तर रेडिओवरचा हाच सूडो-क्लास पुरतो, जावास्क्रिप्ट लागत नाही.

रूपाबद्दल थोडक्यात. फक्त रंग हवा असेल तर ॲक्सेंट-कलर या सीएसएस प्रॉपर्टीवर थांबावं. अपिअरन्स नन केलं (ब्राउझरचं मूळ रूप काढलं) की फोकसची कडा, डिसेबल्डचं रूप, हाय कॉन्ट्रास्ट, छपाई असं सगळंच आपल्या गळ्यात येतं. बिफोर सूडो-एलिमेंटमधली टिक आतल्या बाजूच्या बॉक्स-शॅडोने रंगवायची युक्ती फोर्स्ड कलर्समध्ये (वापरकर्त्याचे ठरावीक रंग पानावर लादले जातात तेव्हा) फसते, तिथे सावल्या काढून टाकल्या जातात; त्या मीडिया क्वेरीत बॅकग्राउंडला कॅनव्हासटेक्स्ट द्यावा. इनपुटला डिस्प्ले नन लावून स्पॅन रंगवणारे तयार प्लगइन तर घेऊच नयेत. त्यात टॅबने तिथे पोचताच येत नाही. खरा इनपुट ओपॅसिटी शून्य करून पूर्ण आकारात वर पसरावा. डब्ल्यूसीएजी (वेब सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वं) २.२ मध्ये एए पातळीला २४ बाय २४ सीएसएस पिक्सेलचं लक्ष्य सांगितलं आहे, तेवढं सहज मिळतं.

रिअ‍ॅक्टवाल्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये. तिथलं ऑनचेंज चेकबॉक्स आणि रेडिओसाठी आतून क्लिक इव्हेंट ऐकतं, त्यामुळे आपण पाठवलेला चेंज त्याला कळत नाही. खूण काढण्याचं काम स्टेटमधूनच करावं लागेल.

पुढे शिफ्ट धरून चेकबॉक्सची रांग निवडणं घ्यायचं ठरलं होतं. चेंज इव्हेंटवर शिफ्टची माहिती नसते, ती क्लिकवरच घ्यावी लागते, एवढं तिथे पक्कं आहे. पण ते आता मागे ठेवलंय, कारण हे लिहिताना रेडिओचीच एक उणीव ठळक झाली: परत क्लिक केल्यावर खूण निघते हे वापरणाऱ्याला कळणार कसं? रेडिओ असं वागत नसतो, आणि स्क्रीन रीडरही तसं सांगत नाही. तेव्हा गटाखाली ‘निवड काढा’ असं दिसणारं बटण ठेवायचं आणि खूण काढणारं तेच फंक्शन त्याला जोडायचं. टाइप बटण लिहायला विसरायचं नाही, नाहीतर फॉर्मच सबमिट होतो. फील्डसेटमध्ये चेक्ड इनपुट असेल तेव्हाच ते दाखवायला हॅज सिलेक्टर पुरेसा आहे. मात्र दाबल्याबरोबर बटण नाहीसं होतं आणि फोकस हरवतो, म्हणून आधी फोकस गटातल्या पहिल्या रेडिओवर न्यायचा, मग खूण काढायची. स्क्रिप्टने दिलेल्या फोकसने रेडिओ निवडला जात नाही, त्यामुळे तिथे धोका नाही. रिक्वायर्ड (उत्तर अनिवार्य) असलेल्या गटाला हे बटणही नको आणि परत क्लिकची सोयही नको. तिथे फील्डसेटवर लिसनर लावायचेच नाहीत.