दोन थेंब आणि दारावरचा 'पी'

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या म्हणून सरांचा फोन आला तेव्हा मी आरोग्य उपकेंद्रावर होते, बाहेर बाळं घेऊन आया बसलेल्या, हो म्हटलं आणि ठेवला. रात्री वही घेऊन बसले तर पहिल्यांदा कानात आला तो दादाच्या कॅलिपरचा, म्हणजे लुळ्या पायाला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचा आवाज. शाळेच्या व्हरांड्यातल्या फरशीवरचा. खट्, मग पाय ओढल्याचा, मग परत खट्.

दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. दोन वर्षांचा असताना ताप आला, ताप उतरला आणि डावा पाय लुळा पडला. 1979 सालची गोष्ट. आमची वाडी मोरणा खोऱ्यात वर डोंगराला, तिथपर्यंत पोलिओची लस पोचलीच नव्हती. आबा मुंबईला मस्जिद बंदरला माथाडी कामगार, आपल्या पाटण तालुक्यात घरटी एक माणूस तेव्हा तिकडेच असायचा. शंभर शंभर किलोची गोणी उचलणारा माणूस, पण दादाला हाजीअलीच्या हॉस्पिटलात न्यायचं असलं की आदल्या रात्री आबांना घास जायचा नाही, असं आई अजून सांगते. कॅलिपर तिथूनच मिळालं. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्या आणि मधे मधे चामड्याचे पट्टे. पावसाळ्यात ते चामडं भिजून जड व्हायचं, मग आई रात्री चुलीजवळ वाळत घालायची, फार जवळ नाही कारण चामडं तडकतं, आणि सकाळी बकलांना खोबरेल लावून स्वतःच्या हातानं दादाच्या पायाला चढवायची. मी दोन दप्तरं घ्यायची, एक माझं एक त्याचं, ओढा आला की थांबायचं, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवायचा आणि दगडावरून पलीकडे.

1990 ला मी पाचवीत आले आणि दादा आठवीत गेला. आठवीचा वर्ग वरच्या मजल्यावर असायचा. आईला त्या उन्हाळ्यात झोप नव्हती की हा जिना कसा चढणार, पण शाळेत जाऊन सांगायचं कुणाला आणि कसं हे तिला कळत नव्हतं. जूनमधे शाळा उघडली तर आठवी खाली आणि आम्ही पाचवीची पोरं वर! हेडसरांनी कुणाला काही न बोलता वर्ग बदलून टाकले होते. दादा दहावी होईपर्यंत त्याचा वर्ग खालीच राहिला. आईनं पहिल्या दिवशी ते ऐकलं आणि पदर डोळ्याला लावला, बोलली काहीच नाही. हेडसर आता नाहीत, पण ही गोष्ट या स्मरणिकेत आलीच पाहिजे असं मला फार वाटत होतं.

डिसेंबर 1995, मी दहावीत. देशभर पल्स पोलिओ सुरू झालं ते वर्ष. आपल्या शाळेतच बूथ होता, तेव्हा तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना डोस होता, आणि अक्षर बरं म्हणून बाईंनी मला नावं लिहायला बसवलं. दादा मला न्यायला आलेला, दाराशी उभा राहून बघत होता. नर्सबाई बाळाचे गाल हलकेच दाबायच्या, तोंड उघडलं की दोन थेंब, की पुढचं बाळ. सुई नाही काही नाही. बराच वेळ बघितल्यावर दादा मला म्हणाला, "एवढंच होतं व्हय गं?" आवाजात राग नव्हता, रडू पण नव्हतं. मी त्या दिवशी घरी येईपर्यंत एक शब्द बोलू शकले नाही, पण काय व्हायचं ते ठरलं होतं.

पुढे साताऱ्याला एएनएमचं, म्हणजे गावोगावच्या आरोग्य सेविकेचं ट्रेनिंग केलं, आबांनी ओव्हरटाईम करून पैसे पाठवले, आणि तेव्हापासून मी याच कामात आहे. खांद्याला व्हॅक्सिन कॅरिअर, आत चार आईसपॅक, कुपीवरचा तो छोटा चौकोन गडद तर झाला नाही ना (झाला म्हणजे उष्णतेनं लस वाया गेली) हे प्रत्येक वेळी बघायचं, डोस झाला की डाव्या करंगळीला शाई. घरोघरी फिरताना दारावर खडूनं 'पी' लिहायचं म्हणजे या घरातली सगळी मुलं झाली, एखादं राहिलं तर 'एक्स', आणि 'एक्स'चं घर मनातून जात नाही, परत जायचं, शेतावर जायचं, गुऱ्हाळावर जायचं. भारतातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा पोलिओ 13 जानेवारी 2011 ला हावड्याच्या एका मुलीला झाला. 27 मार्च 2014 ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा मी पहिला फोन दादाला लावला, तो पाटणला त्याच्या टेलरिंगच्या दुकानात होता (मशीनला मोटर बसवलीय, पायाचं काम नाही). नुसतं "केलंस गं" म्हणाला. मी एकटीनं नाही केलं दादा, पण तू म्हणालास ते मला पुरलं.

दादाची मुलगी 2008 ची. तिचा पल्स पोलिओचा पहिला डोस आपल्या शाळेतल्या बूथवर मीच दिला, खालच्याच वर्गात, जिथे दादा आठवीला बसायचा. गाल मी दाबणार तर तो म्हणाला थांब, आणि त्यानंच दोन बोटांनी हळूच तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी घरोघरीच्या फेरीत आमच्याच दारावर 'पी' लिहिला. खालची तारीख पुसट झाली, पण तो 'पी' आईनं दिवाळीचं रंगकाम येईपर्यंत कुणाला पुसू दिला नाही.