विकास आराखड्यावर टिकेल अशी हरकत

शहरातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे विकास आराखडा ठरवतो. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूप, म्हणजे कच्च्या, आराखड्यावर २०१३ मध्ये ८७ हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या होत्या. त्या ऐकायला समिती असते जास्तीत जास्त सात जणांची: पालिकेच्या स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. सुनावणीत एकेकाच्या वाट्याला काही मिनिटं येतात. एकाच मजकुराचे, खाली फक्त नाव बदललेले अर्ज एकत्र बांधले जातात आणि सगळ्या गठ्ठ्याला मिळून एकच शेरा पडतो. म्हणून शंभर सह्यांपेक्षा नेमकं लिहिलेलं एक पान जास्त कामाचं.

खरं तर हरकतीची वेळ येण्याआधीच बरंच ठरून गेलेलं असतं. नगररचना अधिनियमाच्या कलम २३ खाली पालिका आराखड्याचा इरादा जाहीर करते, तेव्हाच पहिल्यांदा सूचना मागवते. मग कलम २५ प्रमाणे जागेवर आज काय आहे त्याचा नकाशा होतो, ज्याला पालिकेत सगळे ईएलयू म्हणतात. हा चुकला की पुढचं सगळं चुकतं. नाला नकाशात आलाच नाही, तर प्रारूपात तिथे निवासी पट्टा पडतो. चालू शाळा मोकळी जागा म्हणून दाखवली, तर तिच्यावर दुसरंच आरक्षण बसतं, म्हणजे ती जागा बाग, रस्ता अशा दुसऱ्याच सार्वजनिक कामासाठी राखली जाते. मुंबईचा फेब्रुवारी २०१५ चा प्रारूप आराखडा अशाच चुकांमुळे गाजला. उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, वारसा वास्तूंच्या नोंदी चुकल्या होत्या. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्तीला पाठवला, सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं आणि मंजुरीला २०१८ उजाडलं. तेव्हा सर्वेक्षण चालू असतानाच आपल्या प्रभागातले नाले, विहिरी, मंडई, शाळा, दफनभूमी, वस्त्या यांची यादी सर्व्हे नंबर आणि फोटोंसह नगररचना विभागात द्या, आवक शिक्का घ्या.

प्रारूप प्रसिद्ध झालं की मुदत जाहीर सूचनेत पाहा. ती ३० दिवसांची असते, मोठ्या महापालिकांत ६० ची. पहिला आठवडा फक्त वाचनाला ठेवा. आपल्या भागाचा नकाशा (भाग नकाशा) काढा आणि तो ईएलयूशेजारी ठेवून पाहा. १ : ४००० प्रमाणात १ मिलिमीटर म्हणजे जागेवर ४ मीटर, त्यामुळे रस्त्याची रेघ केसभर सरकली तरी कुणाची तरी भिंत जाते. मोबाइलवरच्या चित्रावरून अंदाज बांधू नका. मोजणी नकाशाची प्रत काढून त्यावर रेघ उतरवून पाहा. नदीकाठ असेल तर पूररेषा तपासा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशासोबतचा अहवाल बहुतेक जण उघडतच नाहीत, आणि लोकसंख्येचा अंदाज, दर माणशी किती बाग, किती शाळा हे सगळं त्यातच असतं. आपल्या भागात दवाखाना कमी पडतोय हे भावनेने सांगण्यापेक्षा त्याच तक्त्यातला आकडा दाखवा.

हरकतीत सुरुवातीलाच भाग नकाशा, गाव किंवा पेठ, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर आणि आरक्षण क्रमांक लिहा. मग चूक काय आहे ते दोन-तीन वाक्यांत. मग मागणी. इथेच बहुतेक पत्रं ढिली पडतात. 'आरक्षण रद्द करा' एवढंच लिहिलं, तर शाळेची किंवा बागेची गरज उरतेच, आणि समिती ती दुर्लक्षित करू शकत नाही. पर्यायी जागा सर्व्हे नंबरसह सुचवा. एका पत्रात एकच मुद्दा ठेवा. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, तारखेचे फोटो जोडा. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक घ्या. सुनावणीला स्वतः जाता येत नसेल तर कुणाला तरी लेखी अधिकारपत्र देऊन पाठवा. गैरहजेरीत मुद्दा बहुधा वाया जातो.

सुनावणीनंतर लक्ष काढून घेऊ नका. शासन मंजुरी देताना मोठे बदल सुचवतं तेव्हा तो भाग वगळून पुन्हा प्रसिद्ध होतो आणि त्यावर नव्याने हरकती घेतल्या जातात. सूचना राजपत्रात येते. तोवर लोक थकलेले असतात.

मंजूर आरक्षणही आपोआप टिकत नाही. कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. पुण्याच्या टेकड्यांवरचं ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यान नागरिकांच्या रेट्यामुळे आराखड्यात राहिलं, पण मोबदला ८ टक्के टीडीआरचा (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकाम हक्क) ठरल्याने मालक जमीन द्यायला तयार होईनात आणि ताबा रखडला. आपल्या प्रभागातल्या आरक्षणांची यादी करा, प्रत्येकापुढे दहा वर्षं कधी भरतात ते लिहा, आणि दर वर्षी अंदाजपत्रकाआधी त्यातल्या कुठल्या जागेच्या संपादनासाठी किती तरतूद आहे, हे लेखी विचारा.