तुम्ही विचारलंत म्हणून: माझा काय संबंध?

"तुझा काय संबंध त्यांच्या, अमेरिकेच्या, यादवी युद्धाशी?" सासरी विचारून झालं, इथल्या मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत विचारून झालं, आणि परवा कराडहून आलेल्या आतेभावाने गाडीतच विचारलं. त्याला व्हर्जिनिया बीचला जायचं होतं. मी त्याला आमच्या गावातच, व्हर्जिनियातल्या रिचमंडमध्ये, शॉको बॉटम भागात नेलं. हायवेच्या कडेला तिथे लम्पकिनच्या तुरुंगाची जागा आहे. गुलाम म्हणून विकायच्या आधी माणसं तिथे कोंडून ठेवत. युद्ध संपल्यावर, १८६७ साली, त्याच आवारात मुक्त झालेल्यांची शाळा भरू लागली.

"बरं, मग?" तो म्हणाला.

इतकी वर्षं मी "आवड आहे" म्हणून वेळ मारून नेली. आवड वगैरे काही नाही.

माझी मुलगी २००४ मध्ये इथे जन्मली. तेव्हा नवरा कामाच्या व्हिसावर आणि मी त्याच्यावर अवलंबून. आमचं ग्रीन कार्ड यायला पुढे आठ वर्षं लागली, पण ती पहिल्या श्वासापासून नागरिक. का, तर इथे जन्मला तो इथला नागरिक, असं १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत लिहिलंय म्हणून. ते वाक्य आमच्यासाठी लिहिलेलं नव्हतं. नुकत्याच मुक्त झालेल्या सुमारे चाळीस लाख माणसांना पुन्हा कोणी "तुम्ही इथले नाही" म्हणू नये म्हणून लिहिलेलं होतं. त्याआधी त्या यादवी युद्धात लाखो सैनिक मेले होते. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्कने, चिनी आईबापांच्या मुलाने, तेच वाक्य सर्वोच्च न्यायालयात धरून ठेवलं आणि १८९८ मध्ये जिंकला. त्याच्या मागोमाग माझी लेक. जानेवारी २०२५ मध्ये व्हिसावरच्या आईबापांच्या मुलांना हे नागरिकत्व मिळू नये असा आदेश निघाला, तेव्हा मंडळातले सगळे मला फोन करून विचारत होते, चौदावी दुरुस्ती म्हणजे नक्की काय? तेव्हा कोणी "तुझा काय संबंध" म्हटलं नाही.

पण खरं कारण हेही नाही. ते सांगायला मला आठ वर्षं लागली.

२०१७ च्या ऑक्टोबरात माझी नागरिकत्वाची मुलाखत होती. दोनच महिने आधी शार्लट्सव्हिलला, आमच्यापासून तासाभरावर, मशाली घेऊन गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मोर्चा निघाला होता, यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेल्या सेनापती लीचा पुतळा हलवू नये म्हणून. आमच्या रिचमंडमध्ये तर ली घोड्यावर बसून १८९० पासून उभाच होता. मुलाखत घेणारे गृहस्थ साठीचे, गोरे, टेबलावर नातवंडांचा फोटो. माझ्याशी अतिशय नीट बोलले. तेव्हा दहापर्यंत प्रश्न विचारत, सहा बरोबर आले की थांबत. माझे पाच झाले होते. सहावा आला: यादवी युद्धाला कारणीभूत झालेली एक समस्या सांगा.

सरकारी पुस्तिकेत तीन उत्तरं चालतात: गुलामगिरी, आर्थिक कारणं, राज्यांचे हक्क.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्या फोटोकडे. याला काय ऐकायला बरं वाटेल, असा विचार मी केला. हो, केला. आणि म्हणाले, "राज्यांचे हक्क."

त्यांनी खूण केली, हसले, अभिनंदन केलं. कदाचित ते "गुलामगिरी" ऐकूनही तसेच हसले असते. हे मला कधीच कळणार नाही, आणि त्यांच्यावर संशय घेतला याचीही मला लाज वाटते.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? उत्तर बरोबर होतं. तेव्हाची मी आजही माझ्याशी हेच भांडते: घराचं कर्ज होतं, सोळा वर्षं वाट पाहिली होती, एका शब्दाने कोणाचं काय बिघडलं? मी तिला म्हणते, हक्क, पण कशाचे? दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याने देशातून फुटून निघतानाच लिहून ठेवलंय की आपली बाजू गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. आणि पळून आलेले गुलाम उत्तरेतल्या राज्यांनी परत केलेच पाहिजेत, हा १८५० चा केंद्राचा कायदा कोणाला हवा होता? दक्षिणेलाच. तिथे उत्तरेच्या राज्यांचे हक्क कुठे गेले? ती गप्प बसते, पण तिला पटलंय असं मला वाटत नाही.

जास्त लागतं ते वेगळंच. "गुलामगिरी" हे उत्तर मला चौदाव्या वर्षापासून माहीत होतं. बाबा मास्तर. जोतिरावांची 'गुलामगिरी' त्यांनी माझ्या हातात दिली तेव्हा आधी अर्पणपत्रिका वाचायला लावली. १८७३ साली पुण्यातल्या माणसाने ते पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, निग्रो गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. मला अमेरिका पहिल्यांदा भेटली ती त्या पानावर. आणि तिथलं नागरिकत्व घेताना मी तोच एक शब्द गिळला.

जोतिरावांनी लिहिलं तेव्हा मुक्त झालेल्यांच्या हक्कांसाठी दक्षिणेत अजून केंद्राचं सैन्य होतं. चार वर्षांत ते आवरतं घेतलं गेलं. १९०२ मध्ये आमच्या व्हर्जिनियाने नवी राज्यघटना केली आणि मतासाठी कर लावून, परीक्षा घेऊन कृष्णवर्णीयांची मतं काढून घेतली. वंशावरून कोणाचं मत नाकारू नये, असं सांगणारी पंधरावी दुरुस्ती कागदावर तशीच होती. इथून सव्वा तासावर प्रिन्स एडवर्ड काउंटी आहे. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांना एकत्र बसवावं लागू नये म्हणून तिथल्या सगळ्या सरकारी शाळा १९५९ पासून पाच वर्षं बंद ठेवल्या होत्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. बाकीची पोरं घरी. शेवटी १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौदाव्या दुरुस्तीच्याच आधारे शाळा उघडायला लावल्या. म्हणजे ती दुरुस्ती पुरली की नाही पुरली? बाबा असते तर त्यांना विचारलं असतं. मला दोन्ही वाटतं, दिवसागणिक बदलतं.

लीचा पुतळा सप्टेंबर २०२१ मध्ये उतरवला. मी पाहायला गेले होते, लोक गात होते. मला गाता आलं नाही.

आतेभावाला परतीच्या वाटेवर हे सगळं सांगितलं, अगदी पहिल्यांदाच कोणाला तरी. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "पण ताई, तू पास झालीस ना?"

झाले.