तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रेकअपच्या गाण्यावर एवढ्या उड्या कशाला?

कुणाला 'दे मुसिका लिहेरा' ऐकवलं आणि मग अर्थ सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला, अरे हे तर प्रेमभंगाचं गाणं ना, मग अख्खं स्टेडियम नाचतंय कशाला?

तर गाणं अर्जेंटिनाच्या सोडा स्टेरिओ या रॉक बँडचं, १९९० च्या 'कान्सिओन आनिमाल' अल्बममधलं. ब्युनोस आयरेसचे तिघं, गुस्तावो सेराती गायला आणि गिटारला, सेता बोसिओ बेसवर, चार्ली अल्बेर्ती ड्रम्सवर. प्रेम संपलं, मागे काही उरलं नाही, सांगायचंय ते एवढंच. पण रडारड नाही, तिच्या नावाने शिव्याशाप नाहीत, उलट गुलाबाची राखबिख मी पाठवणार नाही असं सरळ सांगून मोकळा होतो गडी. मला विचाराल तर अर्धं गाणं या तोऱ्यावरच उभं आहे.

उरलेलं अर्धं गिटार हातात घेतल्याशिवाय कळत नाही. चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायचे स्वरांचे गट: बी मायनर, जी, डी, ए. कडव्याला हेच, ध्रुवपदाला पण हेच. पहिलाच बी मायनर, म्हणजे तर्जनी आडवी टाकून तारा दाबून धरायच्या, नवशिक्यांचा इथेच घाम निघतो (आणि कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावून पळवाट काढणारे पण खूप आहेत, असो). कॉर्ड तसा उदास, पण त्यावर रेंगाळू देतच नाहीत, लगेच जी, मग डी, मग ए, आणि ए वर आलात की तो परत बी मायनरकडे ढकलतो, म्हणजे दुःख फिरून फिरून येतंच पण तोवर पाय ठेका धरून बसलेला असतो, त्याला कोण थांबवणार? म्हणून उड्या.

आणि मग २० सप्टेंबर १९९७. ब्युनोस आयरेसच्या रिव्हर प्लेट फुटबॉल क्लबचं मैदान, बँड फुटलेला, शेवटची कॉन्सर्ट आणि तिच्यात शेवटचं गाणं हेच. सेराती मध्येच लोकांचे आभार मानायला लागतो आणि शेवटी ओरडतो, "ग्रासियास... तोतालेस!" संपूर्ण धन्यवाद, असलं काहीतरी अर्धवट, पण लॅटिन अमेरिकेत ते आता म्हणीसारखं झालंय. २००७ मध्ये तिघं टूरसाठी परत एकत्र आले. २०१० मध्ये व्हेनेझुएलातल्या काराकासच्या कॉन्सर्टनंतर सेरातीला स्ट्रोक आला, चार वर्षं कोमात होता, ४ सप्टेंबर २०१४ ला गेला. आता ते ध्रुवपद लागलं की मला तरी त्यातली 'ती' आठवतच नाही, तोच आठवतो.

ऐकणार असाल तर आधी १९९० चं स्टुडिओतलं ऐका, ९७ चं नंतर. उलटं केलंत तर स्टुडिओतलं फिकं वाटेल, कारण त्यात मागे ओरडणारी गर्दी नाही.