रॉकेटसाठी पहाटे उठायचं का?

"उड्डाण ऐन वेळी रद्द होतं, मग झोप कशाला मोडायची?" परभणी-हिंगोलीकडची मंडळी नेहमी विचारतात, तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. उठायचं, पण वेळेचं गणित करून.

अंतराळवीरांना नेणारी अमेरिकी रॉकेटं जिथून सुटतात ते फ्लोरिडा उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. गजर चुकतो तो बहुधा त्याच सुमारास. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली दुसऱ्या तारखेची पहाट, हेही विसरू नका.

स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटवरून अंतराळवीरांचं ड्रॅगन यान जाणार असेल तर गजर ५० मिनिटं आधीचा लावा. ४५ मिनिटं उरली की इंधन भरायचं का, याचा होकार घेतात. ४२ ला यानापर्यंतचा पूल बाजूला होतो, मग सुटकेची यंत्रणा सज्ज करतात, कारण इंधन भरताना माणसं आत बसलेली असतात. ३५ ला केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन भरायला सुरुवात होते. ऑक्सिजन उणे २०७ अंशांच्या आसपास थंड करतात. जितका थंड तितका दाट, तितका टाकीत जास्त मावतो. ताटकळला की तापून फुगतो. शिवाय यानाला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक गाठायचं असतं, तेव्हा तळ स्थानकाच्या कक्षेच्या प्रतलाखाली, म्हणजे त्याच्या फिरण्याच्या वाटेखाली, येतो तो क्षणच कामाचा. म्हणून ३५ नंतर 'होल्ड' (उलटी मोजणी थांबवली) ऐकलात की खुशाल झोपा. २०२३ मध्ये क्रू-६ हे ड्रॅगनचं उड्डाण शेवटच्या अडीच मिनिटांत थांबलं. इंजिन पेटवणारं द्रव नीट पोचलं का, याची खात्री होईना. मागाहून कळलं, जमिनीवरची गाळणी तुंबली होती.

"हवामान ९० टक्के अनुकूल" हा आकडा फक्त तळापुरता असतो, त्यावर भाळू नका. वाटेत यान सोडवावं लागलं तर माणसं अटलांटिकमध्ये उतरणार, म्हणून त्या पट्ट्यातला वारा आणि लाटा वेगळ्या तपासतात. तळावर लख्ख ऊन आणि उड्डाण रद्द, असं होतं ते यामुळे.

रद्द झालंच तर नवी वेळ दिवसाला साधारण २२ ते २४ मिनिटं अलीकडे येते. क्रू-१० आपल्या १३ मार्च २०२५ च्या पहाटे ५.१८ ला जाणार होतं. रॉकेटला धरून ठेवणाऱ्या पकडीच्या हायड्रॉलिक्सने घोळ घातला आणि ते १५ तारखेला ४.३३ ला गेलं. कझाकस्तानातल्या बैकानूरहून स्थानकाकडे जाणाऱ्या रशियन सोयुझ यानालाही हाच हिशोब. (अवकाळीच्या दिवसांत लाईटचा भरवसा नाही, मोबाईल रात्रीच चार्ज करा. शेतातल्या आखाड्यावर रेंज नसेल तर गावात या.)

श्रीहरिकोट्याला मात्र हा नियम लावू नका. गगनयान या भारताच्या मानवी मोहिमेची टीव्ही-डी१ नावाची, माणसांविना केलेली चाचणी २१ ऑक्टोबर २०२३ ला ५ सेकंद उरले असताना संगणकाने थांबवली, आणि दोष दूर करून सकाळी दहाला रॉकेट उडालं. गाठायचं स्थानक नव्हतं, आणि त्या रॉकेटच्या विकास इंजिनाचं इंधन साध्या तापमानाला टिकतं. 'होल्ड' ऐकून टीव्ही बंद केलेल्यांचं उड्डाण हुकलं.